तिघांची फळी, दोघांचा पाया : कुमार राष्ट्रीय आइस हॉकी संघांच्या आघाडीरचनेचा आढावा

आइस हॉकीत बर्फावर एका वेळी प्रत्येक संघाचे सहा खेळाडू असतात : एक गोलरक्षक, दोन बचावपटू आणि तीन आघाडीवीर. मधला सेंटर आणि त्याच्या दोन बाजूंचे विंगर असा हा तीन आघाडीवीरांचा गट एकत्र बर्फावर उतरतो आणि एकत्रच बाकावर परततो. त्याला फळी म्हणतात. मैदानी हॉकीच्या जुन्या पद्धतीत पाच जणांची आघाडीची फळी सामना संपेपर्यंत तीच राहत असे. बर्फावर मात्र पूर्ण वेगाने चाळीस-पन्नास सेकंदांहून अधिक काळ खेळणे शरीराला झेपत नसल्यामुळे एका संघाला चार फळ्या लागतात आणि वीस-वीस मिनिटांच्या तीन सत्रांत त्या आळीपाळीने, बहुधा खेळ चालू असतानाच, बदलत राहतात. त्यामुळे प्रशिक्षकापुढचा प्रश्न सर्वांत चांगले बारा आघाडीवीर कोणते एवढ्यावर संपत नाही. त्या बारा जणांचे चार गट कसे पाडायचे, कोणत्या गटाला किती वेळ द्यायचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या कोणत्या फळीसमोर आपली कोणती फळी उभी करायची, ही त्या प्रश्नाची खरी अवघड बाजू आहे.

क्लब संघात हा प्रश्न चुकतमाकत, महिनोन्‌महिने सोडवता येतो. कुमार राष्ट्रीय संघाला ती सवलत नसते. वीस वर्षांखालील खेळाडूंची जागतिक अजिंक्यपद स्पर्धा १९७७पासून अधिकृतपणे भरते. अलीकडच्या काळात ती २६ डिसेंबरच्या सुमारास सुरू होऊन जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आटोपते. दहा संघांचे दोन गट, गटात चार सामने, पुढे उपउपांत्य, उपांत्य आणि अंतिम, म्हणजे सुवर्णपदकापर्यंत पोहोचणारा संघही फार तर सात सामने खेळतो. अंतिम निवड शिबिर डिसेंबरच्या मध्यावर भरते. काही खेळाडू व्यावसायिक क्लबांनी सोडले तरच आणि सोडले तेव्हाच येतात. सामन्याच्या यादीत दोन गोलरक्षकांखेरीज वीस खेळाडू बसतात, त्यामुळे प्रशिक्षक साधारणतः तेरा आघाडीवीर व सात बचावपटू किंवा बारा व आठ अशी विभागणी करतो. यात आणखी एक अडचण अशी की येथे येणारा जवळजवळ प्रत्येक मुलगा आपल्या क्लबात पहिल्या फळीचा, आणि बहुतेकदा सेंटर, असतो. राष्ट्रीय संघात त्यांतल्या काहींना चौथ्या फळीच्या विंगवर उभे राहावे लागते.

या प्रश्नावर गेल्या पन्नास वर्षांत जे प्रयोग झाले त्यांचे स्थूलमानाने तीन पंथ पडतात. पहिला पंथ सहवासाला प्रमाण मानतो, म्हणजे वर्षानुवर्षे एकत्र खेळलेल्यांना एकत्रच ठेवतो. दुसरा भूमिकेला, म्हणजे गोल करणारी, गोल अडवणारी, अंगाला अंग भिडवून प्रतिस्पर्ध्याला दमवणारी अशा फळ्या पाडतो. तिसरा केवळ गुणवत्तेचा क्रम लावून वरचे तिघे वर ठेवतो. तिन्ही पंथांना सुवर्णपदके मिळाली आहेत आणि तिन्ही सपशेल आपटलेही आहेत. पुराव्याकडे जवळून पाहिले तर मात्र असे दिसते की तिघांची फळी ज्याच्यावर उभी राहते तो पाया बहुतेक वेळा दोघांचा असतो, आणि निवडीचे बरेचसे कसब तिसरा कोण या प्रश्नात सामावलेले असते.

सहवासाच्या पंथाची सर्वांत कठोर परीक्षा कॅनडाने अजाणतेपणी घेतली. स्पर्धेच्या आरंभीच्या वर्षांत कॅनडा बहुधा राष्ट्रीय संघ निवडत नसे. कुमार क्लब संघांतील एखादा अव्वल संघ, थोडीफार भर घालून, देशाच्या नावाने पाठवला जाई. त्या संघाच्या फळ्या आधीच जुळलेल्या असत, प्रशिक्षक ओळखीचा असे, बाकावरची भाषा एक असे. तरीही १९७९मध्ये न्यू वेस्टमिन्स्टर ब्रुइन्स आणि १९८०मध्ये पीटरबरो पीट्स पाचव्या स्थानावर राहिले, आणि १९८१मध्ये कॉर्नवॉल रॉयल्स सातव्या. क्लबाची तिसरी-चौथी फळी ही अखेर एका शहराच्या संघाची तिसरी-चौथी फळी असते आणि सोव्हिएत किंवा स्वीडिश निवडीसमोर ती उघडी पडते, हे या तीन निकालांनी दाखवून दिले. त्यानंतर देशभरातून निवड करणारा कार्यक्रम कॅनडाने आखला आणि १९८२मध्ये डेव्ह किंग यांच्या प्रशिक्षणाखाली त्या देशाला या स्पर्धेचे पहिले सुवर्णपदक मिळाले. किंग यांच्यापासून कॅनडाच्या विचारात भूमिकेची कल्पना रुजली : क्लबात शंभर गुण मिळवणाऱ्या मुलाला येथे प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम फळीला रोखण्याचे काम दिले जाईल आणि ते त्याने आनंदाने स्वीकारावे, अशी अपेक्षा उघडपणे मांडली जाऊ लागली. (आइस हॉकीत गुण म्हणजे गोल आणि गोलास कारण ठरलेले पास यांची बेरीज.)

सोव्हिएत संघाने हाच प्रश्न निराळ्या रीतीने सोडवला होता. तेथे एकक तिघांचे नव्हे, पाच जणांचे असे : तीन आघाडीवीर आणि दोन बचावपटू एकाच वेळी बदलले जात. देशातील उत्तम खेळाडू मॉस्कोच्या सेस्का या लष्करी क्लबात एकवटलेले असल्यामुळे क्लब आणि राष्ट्र यांच्यातील अंतरच पुसले जाई. कॅनडाला जो सहवास एका शहरात शोधावा लागे तो येथे केंद्रीय व्यवस्थेने निर्माण केला होता. या व्यवस्थेचे कुमार गटातील सर्वांत झळाळते उदाहरण म्हणजे १९८९ची अलास्कातील अँकरेज येथील स्पर्धा. त्यात अलेक्झांडर मोगिल्नी, सर्गेई फेदोरोव आणि पावेल बुरे हे सेस्काचे तिघे एका फळीत खेळले आणि सोव्हिएत संघाने सुवर्णपदक जिंकले. वरिष्ठ संघातील क्रुतोव-लारियोनोव-माकारोव या विख्यात फळीची जागा पुढे हे तिघे घेतील, अशी प्रशिक्षक विक्तर तिखोनोव यांची योजना होती. ती फळी वरिष्ठ वयात फार टिकली नाही, पण त्याचे कारण खेळात नव्हते : त्याच वर्षी मोगिल्नीने, पुढच्या वर्षी फेदोरोवने आणि १९९१मध्ये बुरेने देश सोडून अमेरिका खंडातील व्यावसायिक लीगची वाट धरली.

गुणांच्या हिशेबाने पाहिले तर या स्पर्धेच्या इतिहासातील सर्वांत प्रबळ फळी स्वीडनची, १९९३ची. येव्ले येथे झालेल्या त्या स्पर्धेत सेंटर पीटर फॉर्सबर्गने सात सामन्यांत ७ गोल आणि २४ पास मिळून ३१ गुण मिळवले. मार्कस नॅस्लुंडने १३ आणि निक्लास सुंडस्ट्रॉमने १० गोल केले. म्हणजे एका फळीने सात सामन्यांत ३० गोल केले. फॉर्सबर्ग आणि नॅस्लुंड दहा दिवसांच्या अंतराने जन्मलेले, उत्तर स्वीडनमधील ओर्न्शेल्ड्सविक या छोट्या गावाच्या परिसरात वाढलेले आणि मोडो या एकाच क्लबात घडलेले. सुंडस्ट्रॉमही तिथलाच, दोन वर्षांनी धाकटा. सहवास आणि गुणवत्ता यांचा असा योग पुन्हा जुळून आलेला नाही. तरीही सुवर्णपदक कॅनडाला गेले. त्या काळी बाद फेरी नव्हती, सर्व संघ एकमेकांशी खेळत. कॅनडा आणि स्वीडन यांचे साखळीगुण समसमान झाले आणि परस्परांतील सामना कॅनडाने ५-४ असा जिंकलेला असल्यामुळे प्रश्न निकाली निघाला. फॉर्सबर्गच्या ३१पैकी १० गुण जपानविरुद्धच्या २०-१ अशा एकतर्फी सामन्यातले होते, हेही येथे नोंदवले पाहिजे. दुबळ्या संघाविरुद्ध एका फळीने गोलांचा डोंगर उभा केला म्हणून बरोबरीच्या संघाविरुद्ध पडणारा एका गोलाचा फरक भरून निघत नाही. पहिल्या फळीची आकडेवारी पाहून संघाची रचना जोखणाऱ्यांनी हे उदाहरण नेहमी समोर ठेवावे.

कॅनडाचा २००५चा संघ हा पुष्कळांच्या मते कुमार स्तरावरचा सर्वोत्तम संघ होय, आणि त्याच्या पहिल्या फळीची घडण वरच्या दोन्ही उदाहरणांहून वेगळी आहे. त्या हंगामात मालक आणि खेळाडू यांच्यातील वादामुळे नॅशनल हॉकी लीग बंद होती, त्यामुळे एरवी मिळाले नसते असे खेळाडू प्रशिक्षक ब्रेंट सटर यांना मिळाले. शिवाय आदल्या वर्षी अंतिम सामना हरलेल्या संघातले बारा जण परतले होते. सेंटर पॅट्रिस बर्जरॉन हा बॉस्टनकडून एक पूर्ण व्यावसायिक हंगाम खेळून, वरिष्ठांच्या जागतिक स्पर्धेचे सुवर्णपदकही जिंकून आलेला एकोणीस वर्षांचा खेळाडू. त्याच्या एका बाजूला रिमूस्कीचा सिडनी क्रॉस्बी, जो क्लबात सेंटर होता आणि येथे विंगवर सरकवला गेला. दुसऱ्या बाजूला लंडन (ओंटारिओ) येथील कोरी पेरी. तिघे तीन निरनिराळ्या संघांतून आलेले, पूर्वीचा सहवास नाही. नॉर्थ डकोटातील ग्रँड फोर्क्स येथे झालेल्या त्या स्पर्धेत कॅनडाने सहा सामन्यांत ४१ गोल केले, अवघे ७ स्वीकारले, आणि अंतिम सामन्यात ओवेच्किन व माल्किन असलेल्या रशियाला ६-१ असे हरवले. बर्जरॉन १३ गुणांसह स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू ठरला.

सहवास नसतानाही ही फळी जुळली कशी, याचे उत्तर भूमिकांच्या वाटणीत आहे. बर्जरॉन हा बचावाच्या जबाबदारीत मुरलेला सेंटर. आपल्या गोलासमोर सर्वांत खोलवर परत येणे, जो प्रतिस्पर्धी मोकळा सुटला असेल त्याला गाठणे आणि पक, म्हणजे रबराची चकती, सोडवून वर देणे ही कामे त्याने उचलली की क्रॉस्बीला वेगाने पुढे झेपावण्याची मोकळीक मिळे. पेरी हा गोलासमोरच्या गर्दीत आणि कठड्यालगतच्या झटापटीत रमणारा. क्रॉस्बी आणि बर्जरॉन यांना त्या शिबिरात एकाच खोलीत ठेवले होते. पुढे २०१४च्या ऑलिंपिकमध्ये आणि २०१६च्या विश्वचषकातही ते देशासाठी एका फळीत दिसले, तिसरा गडी मात्र दर वेळी वेगळा होता. क्रिकेटमध्ये सलामीची जोडी जशी टिकते आणि पुढचा क्रम परिस्थितीप्रमाणे हलतो, तशातलाच हा प्रकार.

फिनलंडच्या २०१६च्या फळीत जोडी आणि तिसरा ही रचना आणखी स्पष्ट दिसते. सेबास्टियन आहो आणि येस्से पुल्युयार्वी हे दोघे ओउलू शहरातील कार्पात या क्लबाचे, वरिष्ठ लीगमध्ये एकत्र खेळणारे. तिसरा पात्रिक लाइने टाम्पेरेच्या टाप्पारा क्लबाचा. आहो सेंटर आणि इतर दोघे विंगवर. लाइनेकडे त्या वयात विलक्षण म्हणावी अशी नेमबाजी होती. आहो आणि पुल्युयार्वी पक राखून, वळवून त्याच्याकडे पोहोचवत. पुल्युयार्वीचे १७ गुण झाले आणि त्यांत १२ पास होते, आहोचे १४, लाइनेचे १३ आणि त्यांत ७ गोल. प्रशिक्षक युक्का यालोनेन यांच्या या संघाने हेलसिंकीत घरच्या प्रेक्षकांसमोर रशियाला जादा वेळेत ४-३ असे हरवले. तो निर्णायक गोल मात्र या तिघांपैकी कोणाचा नव्हता. तो कास्पेरी कापानेनने केला.

अमेरिकेने सहवास विकत घेण्याऐवजी तो घडवण्याची व्यवस्था उभारली. १९९६मध्ये मिशिगनमध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय संघ विकास कार्यक्रमात सतरा आणि अठरा वर्षांखालील निवडक मुले दोन वर्षे एकत्र राहतात, शिकतात आणि एक संघ म्हणून खेळतात. त्याचे फळ कुमार स्पर्धेत दोन-तीन वर्षांनी दिसते. विल स्मिथ, रायन लेनर्ड आणि गेब पेरो ही फळी या कार्यक्रमात जमली, तशीच्या तशी बॉस्टन कॉलेजात गेली आणि २०२४च्या गोथेनबर्ग येथील स्पर्धेत सुवर्णपदक जिंकणाऱ्या अमेरिकी संघात एकत्र होती. स्मिथ व्यावसायिक लीगमध्ये गेल्यावर कॉलेजात त्याच्या जागी जेम्स हेगेन्स आला, आणि लेनर्ड-हेगेन्स-पेरो ही नवी फळी २०२५मध्ये ओटावा येथे पुन्हा सुवर्णपदक जिंकणाऱ्या संघात खेळली. सेंटर बदलला, विंगवरची जोडी कायम राहिली. ही व्यवस्था सोव्हिएत पद्धतीची लोकशाहीतील आवृत्ती आहे असे म्हणता येईल. फरक इतकाच की येथे मुलगा स्वेच्छेने येतो आणि दोन वर्षांनी आपल्या वाटेने जातो.

आता या उदाहरणांमागील यंत्रणेकडे वळणे इष्ट ठरेल, कारण फळी जुळणे या शब्दांत पुष्कळदा गूढ भरले जाते आणि त्यातला बराच भाग खेळाच्या नियमांनी सरळ समजावता येतो. पहिला मुद्दा सेंटरचा. बचावाच्या वेळी विंगर आपापल्या बाजूला, प्रतिस्पर्ध्याच्या बचावपटूंना तोंड देत काहीसे वर उभे राहतात. सेंटर मात्र तिसऱ्या बचावपटूसारखा गोलाजवळ उतरतो. खेळ थांबून पुन्हा सुरू होताना पंच दोन खेळाडूंमध्ये पक टाकतो, त्याला फेसऑफ म्हणतात, आणि तोही बहुधा सेंटरच घेतो. डाव्या हाताचा, म्हणजे काठीचे पाते शरीराच्या डावीकडे ठेवणारा खेळाडू सामान्यतः डावीकडच्या वर्तुळातील फेसऑफ सहज जिंकतो, उजव्या हाताचा उजवीकडचा. म्हणून एका फळीत परस्परविरुद्ध हातांचे दोन सेंटर ठेवून जागेप्रमाणे एकाने किंवा दुसऱ्याने फेसऑफ घ्यावा, ही युक्ती प्रशिक्षकांना प्रिय असते. जादा सेंटरांना विंगवर सरकवण्यामागे गुणवत्तेबरोबर हेही कारण असते. सरकवलेल्या सेंटरला मात्र कठड्यालगत उभे राहून, पाठीवर प्रतिस्पर्धी घेऊन, आपल्या बचावपटूने उंच फेकलेला पक थांबवण्याचे काम नव्याने शिकावे लागते. ते दोन आठवड्यांत न जमलेल्या मुलांमुळे चांगल्या फळ्या आपल्याच भागात अडकून पडलेल्या दिसतात.

हाताचा प्रश्न आक्रमणातही येतो. उजव्या हाताचा नेमबाज डाव्या विंगवर उभा राहिला तर आलेला पास न थांबवता थेट गोलाकडे मारण्यासाठी त्याला मोठा कोन मिळतो. पण त्याच जागी, आपल्या भागात, कठड्यालगतचा पक त्याला काठीच्या उलट बाजूने घ्यावा लागतो आणि तो निसटण्याची शक्यता वाढते. म्हणून अशा विंगरची नेमणूक पॉवर प्लेसाठी, म्हणजे प्रतिस्पर्ध्याचा खेळाडू शिक्षा भोगत बाहेर बसलेला असताना, अधिक सुरक्षित ठरते. बरोबरीच्या संख्येत तीच निवड महाग पडू शकते.

दुसरा मुद्दा फळी बदलण्याच्या हक्काचा आहे. खेळ थांबला असता यजमान संघाला आपले खेळाडू शेवटी बदलण्याचा हक्क असतो. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत प्रत्येक सामन्यासाठी कागदोपत्री एक संघ यजमान ठरवला जातो. हा हक्क हाती असेल तर प्रशिक्षक आपली रोखणारी फळी प्रतिस्पर्ध्याच्या उत्तम फळीसमोर उतरवू शकतो. नसेल तर प्रतिस्पर्धी आपल्या दुबळ्या फळीला हेरून आपली पहिली फळी तिच्यावर सोडतो. यावर आयसिंगच्या नियमाची भर पडते. आपल्या अर्ध्या भागातून पक थेट प्रतिस्पर्ध्याच्या टोकापर्यंत फेकणे म्हणजे आयसिंग. तसे करणाऱ्या संघाच्या भागात फेसऑफ होतो आणि त्या संघाला खेळाडू बदलता येत नाहीत. म्हणजे दमलेली, केवळ गोल करण्यासाठी जमवलेली फळी ताज्या प्रतिस्पर्ध्यासमोर आपल्याच गोलाजवळ सापडते. दुसऱ्या सत्रात बाजू बदलल्यामुळे आपला बाक आपल्या गोलापासून लांब पडतो, धापा टाकणाऱ्या आघाडीवीरांना परतण्याची वाट सापडत नाही, आणि या सत्रात अननुभवी फळ्यांची दैना सर्वांत जास्त होते. भूमिकेच्या पंथाची मर्यादा येथे कळते : प्रशिक्षकाने कोणाला कोणतीही भूमिका दिली, तरी आयसिंगनंतर जो बर्फावर असतो त्यालाच बचाव करावा लागतो. प्रत्येक फळीत एक तरी भरवशाचा बचाव करणारा सेंटर हवा, ही जुनी कॅनडी शिकवण या नियमामुळे अधिकच खरी ठरली आहे.

खालच्या फळ्यांविषयी वृत्तपत्रांतून फारसे लिहिले जात नाही, वस्तुतः निकाल अनेकदा तेथेच लागतो. बफेलो येथील २०१८च्या अंतिम सामन्यात कॅनडा व स्वीडन १-१ असे बरोबरीत असताना, तिसऱ्या सत्राची १ मिनिट ४० सेकंद उरली असता टायलर स्टीनबर्गनने विजयी गोल केला. सामना ३-१ असा संपला. स्टीनबर्गन हा त्या संघाचा तेरावा आघाडीवीर होता, म्हणजे चार फळ्या भरून उरलेला. स्पर्धेत तोवर त्याला गोल करता आला नव्हता आणि बर्फावर वेळही थोडाच मिळत होता. क्लबात मात्र तो त्या हंगामात ढिगाने गोल करत होता. तेरावा गडी म्हणून कष्टाळू बचावकर्ता न्यावा की नेमबाज न्यावा, हा वाद जुना आहे. बाकावर थंड बसून अचानक एखाद्या पाळीसाठी उतरणाऱ्याला खेळाच्या लयीची गरज सर्वांत कमी कशात लागते असे पाहिले, तर उत्तर नेमबाजीकडे झुकते. दोन वर्षांनी ओस्त्रावा येथे कॅनडा अंतिम सामन्याच्या तिसऱ्या सत्रात रशियाविरुद्ध १-३ असा मागे होता, तेथून त्याने सामना ४-३ असा जिंकला. शेवटची चार मिनिटेही शिल्लक नसताना झालेला विजयी गोल अकिल थॉमसचा, आणि तोही पहिल्या फळीचा खेळाडू नव्हता. याच स्पर्धेत प्रशिक्षक डेल हंटर यांना आणखी एक कसोटी द्यावी लागली : रशियाविरुद्धच ०-६ असा गट सामना हरताना संघाचा सर्वोत्तम आघाडीवीर अलेक्सी लाफ्रेनिएर जखमी झाला. तो उपउपांत्य सामन्यात परतेपर्यंत फळ्या नव्याने लावाव्या लागल्या, आणि त्या फेरमांडणीत मिळालेला जादा वेळ खालच्या खेळाडूंच्या कामी आला असे मानायला जागा आहे.

आकडेवारीच्या नव्या पद्धतींनी क्लब स्तरावर फळीरचनेचा अभ्यास पालटून टाकला आहे. एखादा खेळाडू दुसऱ्यासोबत असताना आणि नसताना संघाला किती नेम मिळाले, ते किती जवळून व किती अनुकूल कोनातून मिळाले, यांची तुलना करून खरी जोडी कोणती हे हुडकता येते, आणि अशा तुलनांतूनही तिघांपेक्षा दोघांचे नातेच अधिक ठळकपणे समोर येते. कुमार स्पर्धेत मात्र हा अभ्यास तोकडा पडतो. एक फळी बरोबरीच्या संख्येत सामन्यात दहा-बारा मिनिटे खेळली असे धरले, तर गटातील चार सामने मिळून पाऊण तासाच्या आसपास वेळ होतो. एवढ्या काळात झालेले गोल मोजून फळी चांगली की वाईट हे ठरवणे म्हणजे नाणे चार वेळा उडवून त्याच्या खोटेपणाचा निवाडा करण्यासारखे आहे. तरीही पहिल्या पराभवानंतर चारही फळ्या विस्कटून टाकण्याचा मोह प्रशिक्षकांना होतोच. अशा वेळी गोलांऐवजी नेमांचा आणि प्रतिस्पर्ध्याच्या भागात घालवलेल्या वेळाचा हिशेब बघणे शहाणपणाचे. तेही नसेल तर जोड्या राखून फक्त तिसरे गडी अदलाबदल करणे हा कमी नुकसानीचा मार्ग होय.

कॅनडाच्या अलीकडील दोन अपयशांनी भूमिका की गुणवत्ता हा वाद पुन्हा पेटवला आहे. २०२४ आणि २०२५ या लागोपाठच्या वर्षी कॅनडा उपउपांत्य फेरीत चेक संघाकडून, दोन्ही वेळा शेवटच्या मिनिटातील गोलाने, हरला. २०२५मध्ये घरच्या मैदानावर पाच सामन्यांत कॅनडाला १३च गोल करता आले, आणि लॅटव्हियाकडूनही तो पेनल्टी नेमांत पराभूत झाला. क्लबांत भरघोस गोल करणाऱ्या काही मुलांना वगळून विशिष्ट कामांसाठी खेळाडू नेल्याबद्दल त्या निवडीवर कडाडून टीका झाली. टीकेत तथ्य आहे, परंतु ती अर्धवट आहे. १९८२चा धडा असा होता की चांगल्या खेळाडूला साधे काम द्यावे. पुढच्या काळात त्याचा अर्थ साध्या कामासाठी साधा खेळाडू न्यावा असा होत गेला. रोखणाऱ्या फळीतही गोल करू शकणारे सेंटर ठेवणे आणि त्या फळीसाठी गोल न करणारे सेंटर निवडणे यांत जो फरक आहे तो १३ गोलांच्या संघात दिसून येतो.

वयाचा प्रश्न याला जोडूनच येतो. एकोणीस वर्षांच्या मुलांच्या या स्पर्धेत सतरा वर्षांच्या विलक्षण खेळाडूला कुठे बसवायचे, यावर प्रत्येक डिसेंबरात चर्चा झडते. चौथ्या फळीत थोडा वेळ देऊन शिकू द्यावे, हा सुरक्षित मानला जाणारा उपाय. इतिहास त्याच्या बाजूने फारसा नाही. १९८९मध्ये बुरे सतरा वर्षांचा होता आणि फेदोरोव व मोगिल्नी या एकोणीस वर्षांच्या जोडीसोबत खेळला; १९९३मध्ये सुंडस्ट्रॉम सतरा वर्षांचा होता आणि फॉर्सबर्ग व नॅस्लुंड एकोणीस; २००५मध्ये क्रॉस्बी सतरा, बर्जरॉन व पेरी एकोणीस. तिन्ही ठिकाणी धाकटा विंगवर, पहिल्या फळीत, पक्व सेंटरच्या शेजारी. फिनलंडने २०१६मध्ये तर अठरा वर्षांच्या सेंटरच्या दोन्ही बाजूंना सतरा-सतरा वर्षांचे विंगर दिले. चौथ्या फळीत अशा मुलाला त्याच्या पासाची वाट पाहणारे कोणी नसते आणि अंगावर येणाऱ्यांपासून त्याला मोकळे करणारेही कोणी नसते. वरच्या फळीत दोन्ही असतात, फक्त बचावाचा भार दुसऱ्याने उचललेला असावा लागतो. सेंटरची जागाच इतक्या लहान मुलाला देण्याची उदाहरणे थोडी आहेत, आणि त्यांतले सर्वांत प्रसिद्ध उदाहरण मॉन्ट्रियल येथील १९७८च्या स्पर्धेचे, जिथे सोळा वर्षांचा वेन ग्रेट्स्की सहा सामन्यांत १७ गुणांसह सर्वांच्या पुढे राहिला आणि त्याच्या संघाला कांस्यपदक मिळाले.